अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते: दोष नेमका कुठे शोधायचा?

गाडी उभी असताना इंजिन अगदी शांत असतं. सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललात तरी तक्रार करावी असं काही जाणवत नाही. चढ लागला किंवा पुढच्या ट्रकला ओलांडायला पाय दाबला, की मात्र अख्खी गाडी थरथरू लागते. पाय सैल केला की थरथर गायब. हा दोष त्रासदायक आहेच, पण तो शोधण्याचा नेहमीचा मार्ग त्याहून त्रासदायक असतो. आधी ठिणगी देणारे प्लग बदलतात. फरक पडला नाही की प्लगला व्होल्टेज पुरवणारी कॉइल. मग फ्युएल पंप, मग इंजिनाला धरून ठेवणारं रबरी माउंटिंग. नवे भाग बसत जातात, जुने पण चांगले भाग भंगारात जातात आणि थरथर जिथल्या तिथे राहते.

माझं ठाम मत आहे की पाना हातात घेण्याआधी या दोषाचं अर्धं निदान रस्त्यावरच होतं. थरथर कशाच्या मागे जाते एवढंच आधी पाहायचं: इंजिनाच्या फेऱ्यांच्या, चाकांच्या वेगाच्या, की पायाखालच्या पेडलच्या? हे कळलं की संशयितांची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येते.

अंगाला फरक का कळत नाही

थरथर नुसती अनुभवून दोष सांगणारे पुष्कळ भेटतात. तो अंदाज कधी बरोबरही येतो, पण त्यावर विसंबता येत नाही. का, ते साध्या हिशेबात दिसतं.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. त्यात प्रत्येक सिलिंडरची पाळी क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत एकदा येते. इंजिन ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ५० फेऱ्या झाल्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटायला हवा. त्यातला एक पेटलाच नाही, तर सेकंदाला २५ वेळा जोर तुटतो आणि तितकेच हादरे बसतात.

आता दुसरी शक्यता. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक्सलच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुधा तीन रोलरचा जॉइंट असतो. तो झिजला की एक्सलच्या एका फेरीत तीन धक्के देतो. साधारण मोटारीच्या टायरचा परीघ १.९ मीटरच्या आसपास धरा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या पावणेनऊ फेऱ्या होतात. त्याची तिप्पट केली की सेकंदाला सुमारे २६ धक्के.

तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ६० ला ३००० आरपीएमच्या जवळपास असणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. एकीकडे २५ हादरे, दुसरीकडे २६. सीटवर बसलेल्या माणसाला हा फरक कळणं शक्यच नाही. एक दोष इंजिनात, दुसरा चाकाकडे जाणाऱ्या दांड्यात. पण दोन्ही पाय दाबला की येतात आणि पाय उचलला की जातात.

त्यांना वेगळं करायचं तर गिअर बदलायचा. वेग ६० च ठेवून चौथ्यात जा. इंजिन समजा २२०० आरपीएमवर उतरलं, तर मिसिंगचा, म्हणजे सिलिंडर न पेटण्याचा, ठेका सेकंदाला अठरावर येईल. थरथर संथ आणि जड वाटेल. एक्सलचा ठेका मात्र २६ वरच राहील, कारण चाकाचा वेग बदललेलाच नाही. जोराचंही उलटसुलट होतं. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबला की सिलिंडरवरचा भार वाढतो, म्हणून मिसिंग बळावतं. एक्सलवर खालच्या गिअरमध्ये जास्त पीळ येतो, म्हणून जॉइंटची थरथर दुसऱ्या-तिसऱ्यात जोरात असते आणि चौथ्या-पाचव्यात सौम्य होते. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड असेल तर हीच तपासणी त्यात करता येते.

ज्यांना आकडाच हवा त्यांच्यासाठी फोन आहे. फोनमधला अ‍ॅक्सिलरोमीटर वापरून कंपनांची वारंवारता हर्ट्झमध्ये दाखवणारी अ‍ॅप मिळतात. फोन सीटच्या रुळावर किंवा दोन सीटमधल्या कन्सोलवर घट्ट बसवायचा आणि नोंद शेजारच्याने घ्यायची. चालवणाऱ्याने फोनकडे पाहायचं नाही.

रस्त्यावर काय टिपायचं

सगळ्यात आधी चाकांचे नट. गाडीचं चाक नुकतंच काढून बसवलं असेल आणि त्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर गाडी उभी करून नट पान्याने तपासा. सैल चाक हा या यादीतला सगळ्यात धोकादायक आणि सगळ्यात लवकर सुटणारा दोष आहे. नट नुसते घट्ट असून भागत नाही. पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला हवेत, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायला हवेत. टायरच्या बाजूला कुठे फुगवटा दिसतो का तेही त्याच वेळी बघा. दिसला तर तो टायर आधी बदला.

मग मोकळा, सरळ रस्ता आणि शेजारी वही घेऊन बसलेला माणूस. थरथर कितव्या गिअरला, किती वेगाला, किती आरपीएमला सुरू होते आणि कुठे संपते. इंजिन थंड असताना येते की तापल्यावर. चार माणसं बसल्यावर वाढते का. पाय उचलताच थांबते की वेग उतरेपर्यंत राहते.

यातला शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. पाय उचलल्यावर, अगदी न्यूट्रलमध्ये गाडी नुसती घरंगळत असतानाही थरथर तशीच राहिली, तर इंजिन आणि एक्सलचे जॉइंट सोडून द्या. ते चाकांचं बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायरचं काम आहे. असा दोष बहुधा ताशी ८० ते ११० च्या पट्ट्यात स्टिअरिंगमध्ये जाणवतो. त्याची दुरुस्ती टायरवाल्याकडे होते, म्हणून इथे त्यावर अधिक लिहीत नाही.

आणखी एक सवय सोडायला हवी. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्यायची आणि इंजिन गुळगुळीत फिरलं की त्याला निर्दोष ठरवायचं, हे बरोबर नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनावर भार जवळजवळ नसतो, आणि आपला दोष तर भाराखालीच बाहेर येतो.

इंजिन मिसिंग करत असेल तर

भार आल्यावरच मिसिंग का व्हावं? फ्रीड्रिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं की दोन टोकांमध्ये ठिणगी उडायला लागणारा व्होल्टेज हा वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते आणि ठिणगीच्या क्षणी तिथला दाब वाढतो. हलक्या भारावर दहा-बारा हजार व्होल्टमध्ये भागत असेल, तर तिथे त्याच्या दुपटीची गरज पडू शकते. प्लगचं टोक झिजून फट रुंद झाली असेल तर गुणाकारातली दुसरी संख्याही वाढलेली असते. अशक्त कॉइल तेवढा व्होल्टेज देऊ शकत नाही, किंवा देते आणि ठिणगी सोपी वाट धरून प्लगच्या बाहेरूनच निसटते.

म्हणून प्लग काढल्यावर फक्त टोक पाहून तो बाजूला ठेवू नका. पांढऱ्या चिनी मातीचा वरचा भाग उजेडात धरून फिरवा. त्यावर वरून खाली गेलेली पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी तिथून पळत होती. तशीच रेघ कॉइलच्या रबरी नळीच्या आतही सापडेल. अशा वेळी एकटा प्लग किंवा एकटं रबर बदलून उपयोग नाही. जुनी रेघ नव्या भागाला बिघडवते. दोन्ही बदला. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्यात ऑइल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीचं सील गळतंय. ते तसंच ठेवून नव्या कॉइल बसवल्या तर त्याही भिजणार.

प्लग इंजिन थंड असतानाच काढा, आणि त्याआधी विहिरीतली धूळ हवेने उडवून द्या, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. बहुतेक गाड्यांत फट ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते; आपल्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेत बघा. इरिडियमचं टोक घासायचं नाही, ते नाजूक असतं.

आता कॉइल. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असणाऱ्या गाड्यांत एक अतिशय सोपी तपासणी आहे आणि ती न करता कॉइल विकत घेणं मला पटत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड वाचण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना हे प्रमाणित सॉकेट सक्तीचं झालं, आणि आज जगभरच्या गाड्यांत ते असतं. पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठरावीक सिलिंडरला बांधलेलं नाही. पी०३०१, पी०३०२ असे कोड आले तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी०३०२ आला. कोड पुसण्याआधी त्यासोबतची 'फ्रीझ फ्रेम' नोंद उतरवून घ्या. कोड साठवला गेला त्या क्षणाचे आरपीएम, वेग, भार आणि तापमान तिथे लिहिलेलं असतं, आणि ते तुमच्या वहीतल्या नोंदीशी जुळायला हवं. मग इंजिन बंद करून दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. बाकी कशालाही हात लावू नका. कोड पुसून त्याच रस्त्यावर तसाच पाय दाबा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष सुटली. आता प्लगची अदलाबदल करा. प्लगही निर्दोष सुटला तर इंजेक्टर, त्याची वायर आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कॉइल आणि प्लग एकदम हलवलेत तर दोष सरकूनही गुन्हेगार कळणार नाही.

चालू इंजिनावर कॉइल उपसून 'कुठल्या सिलिंडरने फरक पडत नाही' हे पाहण्याची जुनी पद्धत टाळा. उच्च दाबाच्या विजेचा झटका बसू शकतो, आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला न राहता लुकलुकू लागला, तर त्याचा अर्थही हाच असतो: मिसिंग इतकं वाढलंय की कन्व्हर्टर धोक्यात आहे. न जळलेलं इंधन तिथे जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. वितळलेली जाळी एक्झॉस्ट अडवते, मग गाडी वरच्या आरपीएमला उचलेनाशी होते, आणि एका कॉइलचं काम कितीतरी मोठं होऊन बसतं. दिवा लुकलुकताना पाय सैल करा आणि गाडी शक्य तितक्या लवकर थांबवा.

हवा आणि इंधन

ठिणगी ठीक असेल तर हवा-इंधनाचं मिश्रण तपासायचं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे दिसतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. इंजिनाचा कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय, ते त्यातून कळतं. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-दहा टक्क्यांच्या आत हवी. वीस टक्क्यांच्या पुढे अधिक असेल तर हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, आणि पी०१७१ कोडही बहुधा सोबत येतो.

आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, आकडा जास्त आणि रेस दिल्यावर उतरतो, असं असेल तर इनटेक मॅनिफोल्डकडे कुठून तरी चोरून हवा शिरतेय. आयडलला बरा आणि पाय दाबल्यावर वाढतो, तर इंधन पुरत नाही किंवा हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर कमी मोजतोय. हा सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेने साफ करता येतो. कापडाने किंवा बोटाने पुसू नका, आतली तार तुटते.

इथे एक जागा हमखास सुटते. एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे जाणारी सुरकुत्यांची रबरी नळी असते. तिची चीर सुरकुतीच्या घडीत लपते. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, त्यामुळे बॉनेट उघडून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. जोर आला की इंजिन माउंटिंगवर कलतं, नळी ताणली जाते आणि चीर उघडते. नळी काढून हातात घ्या आणि प्रत्येक घडी वाकवून बघा.

इंधनाचा दाबही भाराखालीच मोजायला हवा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तो साधारण ३ ते ४ बार असतो. थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर आयडलला हा दाब सहज राखतो आणि चढावर कोसळतो.

डिझेलला प्लगची ठिणगी नसते, त्यामुळे तिथे रोख बदलतो. फ्युएल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी, एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा पण अर्धवट उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोकडून येणारी फाटकी नळी, झिजलेला इंजेक्टर. पाय दाबल्यावर काळा धूर आणि जोडीला हवा सुटल्यासारखा आवाज आला तर नळ्यांपासून सुरुवात करा. कॉमन रेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना इंधन देणाऱ्या) इंजिनाच्या इंधनवाहिन्या चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि बारीक फवारासुद्धा कातडीत घुसतो.

एवढं करूनही तोच सिलिंडर मिसिंग करत असेल, तर कॉम्प्रेशन मोजा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलका असतो. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत म्हणजे व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट.

क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर

मॅन्युअल गाडी फक्त उभ्या जागेवरून निघताना, क्लच अर्धा सोडलेला असतानाच थरथरते आणि पेडल पूर्ण सुटलं की थांबते, तर तो क्लच. प्लेटवर ऑइल गेलंय, फ्लायव्हीलवर तापून डाग पडलेत किंवा प्लेटच्या स्प्रिंग सैल झाल्यात. ऑइल गेलं असेल तर क्रँकचं मागचं सील आधी बदला.

ऑटोमॅटिकमध्ये मात्र एक फसवा दोष आहे आणि त्यात निष्पाप प्लग-कॉइल सगळ्यात जास्त बदलले जातात. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा जोर तेलातून पुढे देतो. त्यात थोडी घसर असतेच, म्हणून एका वेगाला स्थिरावल्यावर आतला एक छोटा क्लच लागतो आणि दोन्ही बाजू जोडतो. तेल जुनं झालं की त्यातले घर्षण नियंत्रित करणारे घटक संपतात, आणि हा क्लच पकडायचं-सुटायचं, पकडायचं-सुटायचं करू लागतो. साधारण ताशी ५० ते ९० च्या दरम्यान, हलक्या पायाने वेग वाढवताना, रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी एक-दोन सेकंदांची थरथर येते.

ओळखायची खूण अशी: मागे कुणी नाही अशा मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला फक्त स्पर्श करा, ब्रेकचा दिवा लागेल एवढाच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच दबला की हा क्लच सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली आणि आरपीएम किंचित चढले, तर दोष इथे आहे. उलट पाय जोरात दाबून गिअर खाली पडल्यावर थरथर गेली, तरी संशय इकडेच वळतो, कारण तेव्हाही हा क्लच सुटलेला असतो.

उपाय बऱ्याचदा तेल बदलण्याइतका सोपा असतो, पण तेल पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच हवं. 'सगळ्या गाड्यांना चालणारं' तेल इथे वापरू नये असं मी आग्रहाने सांगेन. पातळी ठरावीक तापमानाला मोजायची असते, तेही पाळा. तेल बदलून थोडे दिवस बरं वाटलं आणि दोष परतला, तर क्लचचं अस्तरच जळालंय. मग कन्व्हर्टर काढावा लागतो.

एक्सलचा आतला जॉइंट

वळताना चाकाजवळ टकटक आवाज आला की एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा, म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट गेला, हे बहुतेकांना माहीत असतं. आतला जॉइंट तसा आवाज करत नाही. तो थरथरतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही.

आत एक खोल वाटी असते. वाटीच्या भिंतीत तीन उभे खाचे आणि प्रत्येक खाच्यात एक रोलर. चाक वर-खाली होताना एक्सलची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, म्हणून रोलर खाच्यात आत-बाहेर सरकतात. एक्सल तिरका असेल तर प्रत्येक फेरीत हे सरकणं होतंच. भिंत गुळगुळीत आणि ग्रीस ताजं असेपर्यंत काही जाणवत नाही. वर्षानुवर्षं जोर एकाच बाजूने आल्यामुळे भिंतीवर रोलरच्या रुंदीचा खळगा पडतो. मग पीळ आला की रोलर खळग्यात अडकतो, सुटतो, आणि एक्सल गिअरबॉक्सला व चाकाला आडवा ढकलतो. तीन रोलर, म्हणून फेरीला तीनदा.

म्हणूनच या थरथरीची चाल निराळी असते. गाडीचं नाक डावी-उजवीकडे हलतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० ते ८० च्या पट्ट्यात पाय दाबला की येते आणि पाय उचलताच जाते. माणसं किंवा सामान भरलं, किंवा उंच स्प्रिंग टाकून गाडी वर उचललेली असली, की एक्सलचा कोन बदलतो आणि थरथरही बदलते. इलेक्ट्रिक गाडीत प्लग, कॉइल, इंजेक्टर काहीच नसतं आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून भरपूर असतो. तिथे अशी थरथर आली तर मी सर्वांत आधी याच जॉइंटकडे पाहीन.

गाडी वर घेऊन आधी रबरी बूट बघा. फाटला असेल तर आजूबाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतील. पण शाबूत बुटाच्या आतही जॉइंट झिजलेला असू शकतो, आणि एक्सल हाताने हलवून हे कळत नाही. थोडी ढिलाई नव्यातही असते. खात्री उघडल्यावरच होते. ग्रीस पुसून खाच्याच्या भिंतीवरून नख आडवं ओढा. नख अडखळलं तर जॉइंट गेला. डोळ्यांना जे नुसतं चकचकीत दिसतं ते नखाला लगेच कळतं.

खळगा नसेल तर साफसफाई, नवा बूट आणि ठरवून दिलेलं ग्रीस पुरतं. खळगा असेल तर जॉइंट किंवा पूर्ण एक्सल बदला. इथे घाई नको. स्वस्त तयार एक्सल नवे असूनही थरथरताना दिसतात. गाडीबरोबर आलेल्या एक्सलचा बाहेरचा जॉइंट चांगला असेल तर फक्त आतला बदलण्याचा पर्याय आधी विचारा. एक्सल स्वतः काढणार असाल तर गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा. हबचा नट फार मोठ्या टॉर्कने आवळावा लागतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो प्रत्येक वेळी नवाच घालायचा असतो.

माउंटिंगचा संबंध इथेच येतो. तुटलेलं माउंटिंग एकटं असेल तर ते बहुधा पाय दाबताना आणि सोडताना एकेक दणका देतं. सलग थरथर कमी वेळा. पण इंजिन खाली बसलं किंवा कललं की एक्सलचा कोन बिघडतो आणि कसाबसा चालणारा जॉइंट बोलायला लागतो. रबराला चिरा आणि हायड्रॉलिक माउंटिंगमधून खाली उतरलेला काळा ओघळ शोधा.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस जॉइंट आणि मधलं बेअरिंग बघावं लागतं. क्रॉस जॉइंट तिरका असला की शाफ्टच्या एका फेरीत वेग दोनदा कमी-जास्त होतो, आणि दोन टोकांचे जॉइंट तो फरक एकमेकांत जिरवतात. म्हणून शाफ्ट काढण्याआधी जोडावर खुणा करा. तो फिरवून दुसऱ्याच जागी बसवला तर आधी नव्हती ती थरथर सुरू होऊ शकते. निघताना वेग ताशी २०-३० किलोमीटरपर्यंत जाईतो येणारा हादरा बऱ्याचदा मधल्या बेअरिंगचा असतो.

दुरुस्तीनंतर

काम झाल्यावर गॅरेजच्या भोवती एक चक्कर मारून 'झालं' म्हणू नका. वहीत लिहिलेला तोच गिअर, तोच वेग, तितकाच भार आणि तापलेलं इंजिन घेऊन पुन्हा चालवा. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरच्या मिसिंगची मोजणी दिसते. ती वाढत नाही ना, बघा. थरथर कमी झाली पण गेली नाही, तर बसवलेला भाग चुकीचाच होता असं लगेच समजू नका. माउंटिंग आणि जॉइंट एकत्र झिजलेले असतात, तसे प्लग आणि कॉइलही. राहिलेल्या थरथरीवर गिअरची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. तिचा ठेका आता वेगळाही निघेल.

बॅटरी काढली असेल किंवा कोड पुसले असतील तर कॉम्प्युटरने शिकलेले फ्युएल ट्रिम बहुधा शून्यावर जातात, आणि ऑटोमॅटिकच्या गिअर बदलण्याच्या नोंदीही काही गाड्यांत पुसल्या जातात. ते पुन्हा जुळायला काही किलोमीटरचं साधं, मिश्र चालवणं लागतं. तोवर जाणवलेल्या बारीकसारीक गचक्यांवरून नवा भाग मागवू नका.